पार्श्वभूमी : हॉकीपटू धनराज पिल्लेच्या पिढीला ऑलिम्पिक पदक का मिळालं नाही?

५ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिम्पिकमध्ये हॉकीच्या कांस्यपदकाच्या सामन्यात भारत ५-४ असा पुढे, घड्याळात जेमतेम सहा-सात सेकंद, आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलवर फटका मारण्याची हुकमी संधी. घरातली तरुण मुलं टीव्हीसमोर ओरडत होती. चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्यांनी मात्र डोळे मिटून घेतले होते. गोलरक्षक श्रीजेशनं तो फटका अडवला आणि ४१ वर्षांनी पदक आलं. पण आम्ही डोळे मिटले त्याचं कारण जर्मनी नव्हती, पोलंड होतं.

सप्टेंबर २०००, सिडनी ऑलिम्पिक. रमणदीपसिंग कर्णधार, वासुदेवन बास्करन प्रशिक्षक. अर्जेंटिनाला ३-० हरवलं, यजमान ऑस्ट्रेलियाशी २-२ बरोबरी, कोरियाकडून ०-२ हार, मग स्पेनवर ३-२ विजय. गटातला शेवटचा सामना पोलंडशी. जिंकलो की थेट उपांत्य फेरी, एवढं सोपं गणित. आपण १-० आघाडीवर होतो. शेवटची दोन मिनिटंही उरली नव्हती. त्या वेळी चेंडू समोरच्यांच्या अर्ध्यात खेळवत ठेवायचा, कोपऱ्यात नेऊन वेळ काढायचा, की मागे सरकून गोल राखायचा? आपण मागे सरकलो. पोलंडनं गोल केला. १-१. आपल्याऐवजी पुढे गेलेला कोरिया थेट अंतिम फेरीत पोहोचला आणि रौप्यपदक घेऊन घरी गेला. आपण सातवे.

‘नशीब’ हा शब्द त्या रात्री खूप वापरला गेला. मला तो तेव्हाही पटला नव्हता.

कारण ही पिढी ऐऱ्यागैऱ्यांची नव्हती. खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलेला, मैदानाची देखभाल करणाऱ्याचा मुलगा धनराज पिल्ले मोडक्या काठ्यांनी हॉकी शिकला. पुढे भावापाठोपाठ मुंबईला आला, महिंद्राकडून खेळला आणि १९८९मध्ये देशाच्या संघात गेला. चेंडू काठीला चिकटल्यासारखा घेऊन तो उजवीकडून सुटला की बचावफळी नुसती बघत राहायची. सोबत मुकेशकुमार, बलजितसिंग धिल्लाँ, मागे दिलीप तिर्की, गोलमध्ये आशिष बल्लाळ. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा, चार चॅम्पियन्स ट्रॉफी असा धनराजचा हिशेब. ऑलिम्पिकमधला क्रम : बार्सिलोना सातवा, अटलांटा आठवा, सिडनी सातवा, अथेन्स सातवा. विश्वचषकातली सर्वोत्तम कामगिरी १९९४चा पाचवा क्रमांक.

मुळं आणखी मागे जातात. १९७५ला क्वालालंपूरमध्ये विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिम्पिक हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. आपण तिथे सातवे आलो. १९८०चं मॉस्कोचं सुवर्ण अनेक बलाढ्य संघांच्या बहिष्काराच्या सावलीतलं. टर्फवर चेंडू वेगानं पळतो, तो अडवून वळवण्यापेक्षा दामटणाऱ्याचं आणि दमसास असणाऱ्याचं तिथे चालतं. आपली मुलं मात्र मातीवर आणि गवतावर घडत होती. टर्फशी गाठ पडायची ती थेट मोठ्या स्पर्धेत किंवा सराव शिबिरात. त्यात युरोपियन संघांनी पेनल्टी कॉर्नर हे हमखास गोलाचं हत्यार करून टाकलं. आपले आघाडीवीर देखणे मैदानी गोल करायचे आणि कॉर्नर वाया जायचे. जुगराजसिंगच्या रूपानं खरा ड्रॅगफ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू काठीनं ओढून गोलात भिरकावणारा, मिळाला, तर २००३मध्ये मोटार अपघातानं त्याची कारकीर्द थांबवली. इथे नशीब म्हणा हवं तर.

पण जे हातात होतं त्याचं काय केलं? डिसेंबर १९९८, बँकॉकच्या आशियाई स्पर्धा. अंतिम सामन्यात कोरियाशी १-१, मग पेनल्टी स्ट्रोक, बल्लाळ गोलमध्ये भिंतीसारखा उभा, आणि आशियाई सुवर्ण. याआधीचं सुवर्णही बँकॉकचंच, १९६६चं. म्हणजे मध्ये ३२ वर्षं गेलेली. देश खूश, खेळाडू खूश. आणि काही आठवड्यांतच पाकिस्तानविरुद्धच्या कसोटी मालिकेसाठी संघ जाहीर झाला तेव्हा त्यात कर्णधार धनराज नव्हता, बल्लाळ नव्हता, आणखी काही ज्येष्ठ नव्हते. प्रशिक्षक एम. के. कौशिक यांनाही दूर केलं. हॉकी महासंघ म्हणाला, विश्रांती दिली. धनराजचं म्हणणं, मानधन आणि भत्त्यांबद्दल तोंड उघडल्याची ही शिक्षा. खरं काय ते बाजूला ठेवू. सिडनीला दोन वर्षंही नसताना जमलेला संघ विस्कटला, एवढं तर उघडच आहे. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी कुठे उभं राहायचं, हे वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्यांना सांगावं लागत नाही.

नंतरही चमक होतीच. २००२ला कलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत चौथा आला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला ३४ वर्षांचा धनराज. २००३ला त्याच्याच नेतृत्वाखाली पाकिस्तानला ४-२ हरवून पहिला आशिया चषक घेतला. गगनअजितसिंग, दीपक ठाकूर, प्रभज्योत ही २००१ची ज्युनियर विश्वविजेती पोरं एव्हाना हाताशी आली होती. मग २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या तोंडावर पुन्हा प्रशिक्षक बदलला. राजिंदरसिंग गेले, जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आले.

अथेन्सच्या संघात मुंबईचे विरेन रस्किन्हा आणि एड्रियन डिसूझाही होते. सातव्या क्रमांकासाठी कोरियाशी सामना झाला, आपण ५-२ जिंकलो. आपलं चौथं आणि शेवटचं ऑलिम्पिक खेळायला आलेला धनराज त्यातला बराचसा वेळ बाकावर बसून होता.