तासाला वीस लिटर पेट्रोल, आणि वेग सायकलचा

पुण्यात कुणी नवी गाडी घेतली की सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन प्रश्न ठरलेले. पळते किती? आणि ॲव्हरेज किती देते? वेकबोर्डिंगच्या, म्हणजे दोरी धरून फळीवर उभ्या खेळाडूला पाण्यावरून ओढणाऱ्या बोटीला हेच विचारलं तर उत्तरं चक्रावून टाकतात. इंजिन साडेतीनशे-चारशे हॉर्सपॉवरचं, सहा लिटरचं व्ही-एट. म्हणजे चार-पाच स्विफ्ट एकत्र जुंपल्यासारखं. आणि एवढ्या ताकदीवर टॉप स्पीड ताशी ६५ ते ७० किलोमीटर. ॲव्हरेज? लिटरला जेमतेम एक किलोमीटर. तेही बोट सुसाट सोडल्यावरचं नव्हे, तर ताशी १८ किलोमीटरने, सायकलच्या वेगाने चालवताना.

इतकं वाईट ॲव्हरेज म्हणजे बोट बनवणाऱ्याचं काहीतरी चुकलंय, असं कुणालाही वाटेल. पण चुकलेलं काही नाही. ही बोट पाण्यातून अडखळत जावी, अशाच हिशेबाने बनवलेली असते.

बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरण्याचा खेळ तसा शंभर वर्षांचा. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने लाकडी फळ्या पायाला बांधून तो पहिल्यांदा करून दाखवला. त्यातून पुढे तीन वेगळे खेळ झाले आणि तिघांची गरज वेगवेगळी. वॉटर स्कीइंगच्या स्लालम या नागमोडी वळणांच्या प्रकारात बोट ताशी ५५-५८ किलोमीटरने जाते, आणि मागे लाट जितकी कमी तितका खेळाडू खूश. वेकबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच फळीवर. वेग ताशी ३० ते ३७ किलोमीटर, आणि बोटीमागची लाट हीच उडी मारायची घसरगुंडी. तिसरा वेकसर्फिंग. यात खेळाडू उभा राहिला की दोरी सोडून देतो आणि निव्वळ लाटेच्या उतारावर बोटीच्या मागोमाग घसरत राहतो. वेग ताशी १६ ते १९ किलोमीटर. हा सगळ्यांत संथ खेळ किलोमीटरमागच्या पेट्रोलच्या बाबतीत सगळ्यांत खादाड निघतो, म्हणून आपण त्याच्याकडेच नीट बघू.

पाण्यावर चालणारी कुठलीही वस्तू लाट उठवते, आणि ती लाट वस्तूच्याच वेगाने तिच्याबरोबर येते. खोल पाण्यात लाटेचा वेग आणि तिची लांबी (एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर) एकमेकांना बांधलेले असतात: वेग दुप्पट झाला तर लांबी चौपट. बोट ताशी सात किलोमीटरने चालली असेल तर तिच्या लाटेची लांबी अडीच मीटर. सात मीटरच्या बोटीच्या अंगाला अशा दोन-तीन लाटा चिकटलेल्या दिसतात आणि बोट आडवी, शांत जाते. ताशी साडेअकराच्या सुमारास लाट साडेसहा मीटरची होते, म्हणजे पाण्याला टेकलेल्या तळाएवढी. त्यापुढे मात्र पंचाईत. ताशी १८ ला लाटेची लांबी १६ मीटर. दुसरं शिखर बोटीच्या खूप मागे राहतं, बोटीची मागची बाजू खळग्यात बसते आणि नाक वर होतं. आता बोट स्वतःच उभारलेला चढ चढते आहे, आणि हा असा कात्रजचा घाट की तो गाडीबरोबरच पुढे सरकतो, माथा कधी येतच नाही.

यातून सुटायचा मार्ग एकच, जोर लावून वेग वाढवायचा. पंचवीस-तीसच्या पुढे तळाखालचं पाणी बोटीला वर उचलू लागतं, ती पाण्यात बसायची सोडून पाण्यावर घसरू लागते, नाक खाली येतं आणि लाटही लहान होते. पानशेतला स्पीडबोटीत बसलेल्यांनी हे अनुभवलं असेल. सुरुवातीला समोर फक्त आकाश दिसतं, पाठ सीटला दाबली जाते, मग एकदम बोट सपाट होते आणि चालवणारा ॲक्सिलरेटर किंचित मागे घेतो. वेग वाढला आणि पेट्रोल कमी लागलं, असं रस्त्यावर सहसा होत नाही.

या लाटांचा हिशेब बसवला तो विल्यम फ्राउड या इंग्रज इंजिनिअरने. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला टॉर्की या गावी त्याने एक लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांची छोटी मॉडेल ओढून पाहिली, आणि मॉडेलवरून खऱ्या जहाजाचा अंदाज कसा काढायचा याचा नियम दिला. हा नियम पुण्यात रोज वापरात आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेत, जिची सुरुवात १९१६ सालची, बंदरांची आणि धरणांची मॉडेल याच हिशेबाने चालतात: मॉडेल शंभरपट लहान असेल तर पाण्याचा वेग दहापट कमी ठेवायचा, म्हणजे लाटा खऱ्यासारख्या वागतात.

फ्राउडपासून आजवर जहाजं बनवणाऱ्यांची सगळी धडपड लाट कमी करण्याची. वेकबोट बनवणारा बरोबर उलटं करतो. घाटातल्या सगळ्यांत उभ्या चढावर, जिथून दुसरा कुणीही लवकरात लवकर निसटेल, तिथेच तो बोट तासन्‌तास रेंगाळत ठेवतो. एवढ्यानेही त्याचं समाधान होत नाही. बोटीच्या पोटात टाक्या असतात. बटण दाबलं की पंप तलावातलंच पाणी त्यांत भरतो. टनभर, कधी त्याहून जास्त. अडीच टनांची बोट, टाक्यांतलं पाणी, आठेक माणसं असं सगळं मिळून वजन साडेचार टनांच्या घरात जातं. बोट खोल बसते, जास्त पाणी बाजूला ढकलते आणि लाट कमरेला लागेल इतकी उंच होते. शिवाय मागच्या काठावर एका बाजूला एक पत्रा बाहेर येतो. मालिबू कंपनीने २०१२ च्या सुमारास हा प्रकार आणला, मग इतरांनी आपापले काढले. पत्र्याच्या बाजूचं पाणी जरा उशिराने आत वळतं, आणि त्यामुळे दुसऱ्या बाजूची लाट फेसाळत न फुटता गुळगुळीत, लांब राहते. त्याआधी लोक सगळी माणसं आणि पाण्याच्या पिशव्या एकाच बाजूला नेऊन बोट तिरकी करत.

आता पेट्रोल. अशा बोटीला सर्फिंगच्या वेगात तासाला १५ ते ३० लिटर लागतं. आपण २० धरू. पेट्रोल इंजिनाचा ढोबळ नियम असा की एक हॉर्सपॉवर तासभर हवी तर लिटरचा जवळपास तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे ०.३ लिटर जाळावं लागतं. वीस लिटरचे झाले ६७ हॉर्सपॉवर, म्हणजे ५० किलोवॅट. वीसपैकी जवळपास १५ लिटरची उष्णता धुरातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून गेली. हे पाणीही तलावातलंच, इंजिनातून फिरून धुराबरोबर बाहेर पडतं. उरलेल्या पाचांतलं दोन-सव्वादोन लिटर प्रोपेलर पाणी घुसळण्यात घालवतो. खरा रेटा मिळाला तीनेक लिटरचा, आणि त्याचा मोठा भाग गेला लाटेत. गिऱ्हाइकाला हवी होती ती वस्तू एवढीच. बाकी सगळा वरखर्च. पुण्यातल्या शंभरीपार भावाने तासाला दोन हजार रुपयांच्या वर.

आकडा किती मोठा आहे हे समजायला दापोडीला जावं लागेल. तिथल्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे. तिथे तयार झालेला दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याची बोट वल्हवत २,००० मीटर सात मिनिटांच्या आत गेला. हिशेब केला तर वेग ताशी सतरा किलोमीटरच्या पुढे, म्हणजे वेकसर्फिंगचाच. बोटीची लांबीही साधारण तेवढीच, आठेक मीटर. पण ती पाण्यात वीतभरापेक्षा फार रुंद नसते, वजन चौदा किलो, आणि या दर्जाचा खेळाडू ताकद लावतो ती सुमारे अर्धा हॉर्सपॉवर. माणसासकट त्या बोटीपेक्षा वेकबोट चाळीस-पंचेचाळीस पट जड. ताकद मात्र शंभरपटीहून जास्त लागते. दत्तूची ताकद मुख्यतः पाण्याच्या घर्षणात जात होती, लाटेत फार थोडी. संगमाजवळच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबमध्ये अशी निमुळती बोट गेल्यावर मागे पाणी किती कमी हलतं, ते एकदा जाऊन बघण्यासारखं आहे.

मग चारशे हॉर्सपॉवर कशाला? एक तर टाक्या भरलेली बोट पाण्यात बुडालेल्या खेळाडूसकट झटकन उठवायला. आणि टॉप स्पीड कमी का, त्याचं उत्तर प्रोपेलरच्या पिचमध्ये. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर स्क्रूसारखा जितका पुढे सरकेल ते अंतर. समजा ते १४ इंच, म्हणजे साडेपस्तीस सेंटिमीटर. इंजिन मिनिटाला ५,४०० फेऱ्यांवर, गिअरने ते केले ३,६००. गुणाकार करा: ताशी ७७ किलोमीटर. पाणी काही घट्ट लाकूड नव्हे, पंधरा टक्के घसरण धरा, उरले ६५. पिच वाढवली तर आकडा वाढेल, पण सुरुवातीचा जोर जाईल, पहिल्या गिअरऐवजी तिसऱ्यात गाडी उचलल्यासारखं. त्यामुळे कॅटलॉगमधला टॉप स्पीड मित्रांना सांगायला ठीक, एवढंच. त्या वेगाला पेट्रोल तासाला १२० लिटरच्या आसपास जातं आणि ॲव्हरेज पडतं लिटरला अर्धा किलोमीटर. उलट ताशी ३५ च्या वेकबोर्डिंगला तासाचं पेट्रोल सर्फिंगएवढंच लागत असलं, तरी त्यात अंतर जवळपास दुप्पट कापलं जातं.

आपल्याकडच्या धरणांवर अशी बोट आणली तर आणखी एक बारीकसा तोटा. खडकवासल्याचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर, पानशेतचं त्याहून वर. हवा विरळ, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची पाच-सहा टक्के ताकद आपोआप जाते. उन्हाळ्यात आणखी थोडी.

लाटेत गेलेली ऊर्जा तिथेच संपत नाही, ती काठापर्यंत जाते. लाटेची उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट, म्हणून हा प्रश्न साध्या बोटींपेक्षा वेगळा आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०२२ मध्ये मोजून पाहिलं: साध्या बोटीची लाट काठाकडे २०० फूट जाऊन जितकी उतरते, तितकं उतरायला वेकसर्फिंगच्या लाटेला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०२४ पासून काठापासून ५०० फूट अंतर आणि किमान २० फूट खोल पाणी अशी अट घातली. पुण्याच्या नळाला येणारं पाणी ज्या तलावांतून येतं त्यांचे काठ उथळ आणि गाळाचे आहेत, तेव्हा इथे असा खेळ कुणाच्या डोक्यात आलाच तर हे दोन आकडे आधी वाचावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅटरीने यातलं काय सुटतं? धूर आणि आवाज जातो, लाट तीच राहते. नॉटिक कंपनीची जीएस-२२-ई ही विजेवरची वेकबोट १२४ किलोवॅट-तास साठवते. आपण वर काढलेल्या ५० किलोवॅटने भागलं तर अडीच तास. कंपनीही दोन ते तीन तासच सांगते. इलेक्ट्रिक कार बनवणारे बॅटरीच्या वजनाने हैराण असतात. इथे मात्र ते शेकडो किलो लाट मोठी करायच्या कामी येतात, तेवढं पाणी टाकीत कमी भरायचं.