जन्मताना गुदमरलेली लेकरं आणि कोरा राहिलेला कागद

तालुक्याच्या गावी दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर असलं की सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या बिघाडाने हातापायांवर ताबा नसलेल्या मुलांचे आईबाप प्लास्टिकची एक पिशवी सांभाळत रांगेत उभे असतात. पिशवीत नागपूरचा एमआरआय असतो, झटक्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या असतात, फिजिओथेरपीचं कार्ड असतं. डिस्चार्ज कार्डावर ‘बर्थ अॅस्फिक्सिया’, म्हणजे जन्मताना गुदमरणं, असं निदान असतं. बाळंतपणाच्या रात्रीचा कागद मात्र बहुतेकदा नसतो. कळा कधी सुरू झाल्या, बाळाचे ठोके कितीदा मोजले, बाळ किती मिनिटांनी रडलं, याची नोंद सापडत नाही. त्या रात्रीची एकच खूण उरलेली असते: ‘मेडिकल, नागपूर’ एवढंच खरडलेली, वेळ न टाकलेली रेफरची चिठ्ठी. आई म्हणते, ‘लेकरू रडलं नाही म्हनते सारे, पन काऊन रडलं नाही, थे कोनी सांगत नाही.’

हा ‘काऊन’ वैद्यकाला दीडशे वर्षांहून अधिक काळ छळतो आहे. १८६१ साली लंडनमध्ये विल्यम जॉन लिटल या शल्यचिकित्सकाने अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना गुदमरणं यांचा संबंध मुलांच्या ताठर हातापायांशी जोडून दाखवला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने उलट शंका काढली: अवघड बाळंतपण हे कारण नसून पोटातच आधी झालेल्या बिघाडाचं लक्षण असेल तर? फ्रॉइड तेव्हा मज्जातंतूंच्या आजारांवर काम करत होता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. सेरेब्रल पाल्सीचं प्रत्येक मूल हे कुणाच्या तरी हलगर्जीचं फळ नसतं. गर्भातला संसर्ग, जनुकीय दोष, फार लवकर झालेला जन्म अशी कितीतरी कारणं असतात. पण हाच मुद्दा आपल्याकडे ढालीसारखा वापरला जातो. ‘असं होतं कधी कधी’ म्हटलं की विषय संपतो. कारण शोधायला लागणारी नोंदच नसेल, तर हलगर्जी झाली नाही हे तरी कशाच्या जोरावर सांगायचं?

ही नोंद ठेवायची रीत जुनी आहे, आणि ती आपल्यासारख्याच दूरदूरच्या मुलखासाठी शोधलेली आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रीडमन यांनी बाळंतपणाचा वेग आलेखावर मांडला. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, त्या आलेखावर दोन तिरप्या रेषा ओढल्या. एक सावध करणारी, दुसरी तिच्यापुढे चार तासांवर, कृती करा म्हणून सांगणारी. खेड्यातल्या केंद्रावरच्या सुईणीला बाईला शहरात कधी पाठवायचं हे वेळेत कळावं, हाच त्यांचा हेतू. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हा पार्टोग्राफ जगभर नेला. त्यात बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने मोजून लिहायचे असतात. ठोके कमी व्हायला लागले की कागदावरची रेघच खाली येते. वाचायला प्रोफेसर लागत नाही. आपल्याकडे पार्टोग्राफ छापलेला असतो, पण अनेकदा कोरा राहतो किंवा बाळंतपण आटोपल्यावर एका बैठकीत भरला जातो. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात सर्वांत महागात पडलेली हलगर्जी हीच आहे.

गुदमरणं हे एकच कारण नाही. जन्मानंतरची कावीळ वेळेत ओळखली नाही तर बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, मेंदूत उतरतं, आणि मूल बहिरं होऊ शकतं किंवा हातापायांवरचा ताबा गमावतं. १९५८ पासून निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा साधा उपाय माहीत असूनही हे घडतं. ‘ऊन दाखवा, उतरेल’ म्हणून घरी पाठवलेली बाळं चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळीजर्द होऊन परत येतात. रक्तातली साखर घसरण्याचंही तसंच. आणि मग ‘कळा वाढवायची सुई’. ऑक्सिटोसिन गरज नसताना किंवा जादा दिलं, तर गर्भाशय इतकं घट्ट आवळतं की दोन कळांमध्ये बाळाला मिळणारं रक्त तुटतं. ही सुई द्यायची तर बाईजवळ बसून ठोके ऐकत राहायचं असतं. सुई देऊन निघून जाणं हा शुद्ध हलगर्जीपणा आहे, देणारा कुणीही असो.

विदर्भाने या प्रश्नाला दिलेलं उत्तर मात्र जगाने घेतलं, हे अभिमानाने सांगायला हवं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला त्या तोंडाने फुंकर घालण्यापासून शिकल्या आणि पुढे पिशवी-मास्कपर्यंत पोचल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. २०११ मध्ये ही घरपोच नवजात काळजी आशाताईंच्या कामात देशभर आली.

दरम्यान २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने बाळंतपणं घरातून दवाखान्यात आणली. ते गरजेचंच होतं. पण दवाखान्यात आलेल्या बाईसाठी तिथे भूलतज्ज्ञ आहे का, रात्री सिझेरियन होतं का, हे प्रश्न मागे राहिले. धारणीची बाई घाट उतरून अमरावतीच्या डफरीन या स्त्री रुग्णालयात जाते, भामरागडची पर्लकोटा नदीला पूर आला तर जातच नाही. मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय असे थांबे होतात आणि प्रत्येक थांब्यावर थोडा वेळ जातो. बाळाच्या मेंदूपाशी तेवढा वेळ नसतो. श्रीमंत देशांत गुदमरलेल्या बाळाला ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार रूढ झाला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या हेलिक्स चाचणीत (२०२१) त्याचा फायदा दिसला नाही, उलट मृत्यू वाढले. म्हणजे जे करायचं ते इजा होण्याआधीच.

मेलेलं मूल निदान मोजलं जातं. मेळघाटातल्या बालमृत्यूंवर विधिमंडळात आवाज उठला, उच्च न्यायालयात याचिका चालल्या. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळं दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. पण जगलेलं, मान न धरणारं, दिवसातून चारदा झटके येणारं मूल मृत्यूदराच्या आकड्यात यशच म्हणून बसतं.

कायदा इथवर उशिरा आणि अर्धवट आला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज निकालात चुकीच्या इंजेक्शनने मेंदू कायमचा गेलेल्या मुलाला साडेबारा लाख आणि आईबापांना वेगळे पाच लाख, ही भरपाई कायम झाली. मूल रुग्ण असलं तरी आईबापही ग्राहक ठरतात, हे तिथे पक्कं झालं. पण १९९५ च्याच निकालाने, जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट मिळतात ती रुग्णालयं या कायद्याबाहेर ठेवली. म्हणजे गावातल्या गरिबाला दिवाणी कोर्ट उरलं. तिथला वेग बघा: १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात एका बाईच्या पोटात शस्त्रक्रियेनंतर बोळा राहिला आणि ती दगावली. सरकार जबाबदार आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ मध्ये आला. तेहतीस वर्षांनी, भरपाई ३६ हजार. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणाची अट घातली. डॉक्टरांना ऊठसूट अटक होऊ नये, हे मलाही पटतं. पण त्यामुळे भरपाईचा मार्ग अधिक सोपा व्हायला हवा होता, तो झाला नाही.

आणि घड्याळ आईबापांच्या विरुद्ध चालतं. मूल बसत नाही, नजर लावत नाही हे लक्षात येईपर्यंत वर्ष जातं, निदानाला आणखी काही महिने. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण पटवावं लागतं. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरने तीन वर्षं जपायचे असतात, आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणून ज्यांचं बाळ जन्मताच रडलं नाही किंवा काचेच्या पेटीत ठेवलं गेलं, त्यांनी मूल चालेल की नाही याची वाट न बघता पहिल्याच महिन्यात लेखी अर्ज द्यावा. पार्टोग्राफ, ठोक्यांची नोंद, दिलेल्या सुयांची नावं आणि वेळा, रेफरची वेळ, या प्रत्येकाची नक्कल मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. आशाताई सोबत असली तर तिची सहीही.