स्वयंसेवी संस्थांतील मनुष्यबळ आणि वीस टक्क्यांची मर्यादा : पार्श्वभूमी

पुण्यातल्या स्वयंसेवी संस्थांमध्ये मनुष्यबळ नियोजनाचा विषय निघाला की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. चांगली माणसं टिकत नाहीत आणि कामाचं मूल्यमापन फॉर्म भरण्यापुरतंच उरतं. या दोन्हींचा संबंध पगार कोणत्या खर्चात दाखवायचा या प्रश्नाशी आहे, कारण परदेशी निधीतला वीस टक्क्यांपर्यंतचाच भाग प्रशासनावर खर्च करता येतो.

पगाराचा प्रश्न या शहराला नवा नाही. १८८४ मध्ये इथे स्थापन झालेल्या एका शिक्षणसंस्थेच्या आजीव सदस्यांकडून, म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकांकडून, वीस वर्षं सेवेची आणि दरमहा पंच्याहत्तरेक रुपयांत भागवण्याची अपेक्षा असे. बाहेरची मिळकत चालेल का, यावरून तिथे वाद पेटला आणि १८९० मध्ये संस्थापकांपैकी एक जण राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यागावर माणसं जोडायची ही रीत पुढे बरीच दशकं चालली. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या कार्यकर्त्यांच्या पिढीतही निवड शिबिरात आणि ओळखीतून व्हायची. मिळेल ते मानधन घ्यायचं आणि काम कसं चाललंय ते मासिक बैठकीत तोंडी सांगायचं.

सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुण्याहून अनेक गट मराठवाड्यात गेले. त्या सुमारास ‘प्रकल्प’ हे कामाचं एकक होत गेलं. दोन-तीन वर्षांचा निधी असेल तर नेमणूकही तेवढीच. मनुष्यबळ नियोजन म्हणजे देणगीदाराचं कॅलेंडर, असं समीकरण तेव्हा बसलं ते आजही सुटलेलं नाही. १ एप्रिल २०१४ पासून सीएसआरची, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याची, तरतूद लागू झाली, तसा चाकण-हिंजवडीतल्या कंपन्यांचा पैसा आला आणि सोबत केआरए (प्रत्येकाला ठरवून दिलेली कामाची उद्दिष्टं), तिमाही आकडे आणि वार्षिक अप्रेझल, म्हणजे कामाचं मूल्यमापन, आलं. शिस्त आली हे मान्यच करायला हवं. पण करार बहुधा वर्षाचा, आणि मुलांचं वाचन सुधारायला दोन-तीन वर्षं लागतात.

खरा तिढा २०२० चा. परदेशी निधीच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून थेट २० वर आली. मर्यादा असावी यात दुमत नाही, आणि पन्नास टक्के सैलच होते. अडचण प्रशासकीय कशाला म्हणायचं इथे आहे. याच कायद्याच्या २०११ च्या नियमांनुसार रुग्णालयातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात धरत नाहीत. तो थेट कामाचा खर्च. व्यवस्थापनासाठी नेमलेल्यांचा खर्च, हिशेबनीस, कार्यालयाचं भाडं, वीज-फोन, अहवाल तयार करण्याचा खर्च मात्र त्यात येतो.

वेल्ह्याच्या वाड्यांवर काम करणारी एखादी संस्था घ्या. तिथली आरोग्यसेविका थेट कामात बसते. तिची निवड करणारा, तिच्या रजा-बदल्या पाहणारा, सहा महिन्यांनी तिच्यासोबत बसून कुठे अडतंय हे विचारणारा माणूस प्रशासनात जातो. टक्केवारी वीसच्या पुढे सरकली की कात्री आधी त्याच्या पदावर येते. मग भरतीच्या मुलाखती अकाउंटंट घेतो आणि अप्रेझलचे फॉर्म मार्चअखेर एका बैठकीत उरकले जातात. एकेका समन्वयकाचा पगार तीन निधींत ४०-३०-३० टक्के असा वाटून टाइमशीट (कोणत्या कामाला किती वेळ दिला याची नोंद) त्या बेताने भरायची वेळ येते. ज्या खर्चातून कामगिरी सुधारते तोच खर्च उधळपट्टीसारखा मोजायचा, हे न पटणारं आहे. याच दुरुस्तीने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवायलाही मनाई केली. पुण्यातल्या मोठ्या संस्थेमार्फत ज्या तालुक्याच्या संस्थांना हा निधी मिळत असे, त्यांच्या कार्यकर्त्यांच्या पगाराची वाट त्यामुळे बंद झाली.

दुसरीकडे, या माणसांना कामगार कायदा लागू का, हा प्रश्नही वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने कामगार कायदा ज्याला लागू होतो त्या ‘उद्योग’ या संज्ञेत धर्मादाय संस्थांनाही जागा केली. १९८२ च्या दुरुस्तीने त्यांना वगळलं, पण ती व्याख्या अंमलात आलीच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत धर्मादाय, सामाजिक काम करणाऱ्या संस्था ‘उद्योगा’बाहेर आहेत. मात्र ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) सामाजिक सुरक्षा संहितेत येते, आणि तिथे मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांची अट नाही, एक वर्ष पुरतं. अकरा महिन्यांचे करार पुन्हा पुन्हा करणाऱ्या संस्थांना प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम आता पहिल्या दिवसापासून धरावी लागेल, आणि देणगीदार ती कोणत्या खर्चात मान्य करणार हे करारावर सही करण्याआधी विचारून घ्यावं लागेल.