दोन वर्षे की सत्तर?

ख्रिस्ती लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या शुभेच्छांमध्ये हमखास आढळणारे बायबलमधले एक वचन आहे, यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझ्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हांला भावी सुस्थितीची आशा द्यावी असे ते आहेत, असा त्याचा आशय. दुखणे लांबले, काम गेले, घरातले माणूस गेले की लोक हे वचन धरून बसतात. त्यात गैर काहीच नाही. फक्त त्याच्या लगेच आधीचे, दहावे वचन सहसा कोणी छापत नाही. त्यात मुदत दिलेली आहे, आणि ती सत्तर वर्षांची आहे.

हे एक पत्र होते. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतून राजा, सरदार, सुतार, लोहार असे निवडून नेले. त्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून लिहून पाठवलेला हा मजकूर. तिशीतल्या माणसाने तो ऐकला असेल, तर सुटकेच्या वेळी तो शंभरीचा होणार! म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना चांगले दिवस दिसणार नाहीत, हे त्या पत्रातच होते. मग तोवर करायचे काय? घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या शहराने तुम्हांला धरून नेले त्याच शहरासाठी प्रार्थना करा. हा शेवटचा सल्ला पचायला किती जड गेला असेल!

त्याच सुमारास मंदिरात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा उभा राहिला. बाबेलचे जू दोन वर्षांत मोडेल, लोक परत येतील, मंदिरातली भांडीही परत येतील, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. यिर्मया तेव्हा खूण म्हणून मानेवर लाकडी जू घालून फिरत होता. हनन्याने ते ओढून काढले आणि मोडले. या प्रसंगातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे यिर्मयाचे पहिले उत्तर. तो म्हणाला, ‘आमेन! परमेश्वर तसेच करो.’ चांगल्या दिवसांची ओढ त्यालाही तितकीच होती. त्याला खटकत होती ती मुदत.

दोन वर्षे की सत्तर, हा वाद तिथे मिटला नाही. ख्रिस्ती आशेच्या इतिहासात तो नवनव्या वेशात येतच राहिला. संकटात विश्वास कसा टिकतो याची पार्श्वभूमी शोधायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

आणखी काही वर्षांनी यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला. यिर्मया तेव्हा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. चुलतभाऊ हनामेल त्याच्याकडे आला आणि म्हणाला, अनाथोथातले माझे शेत विकत घे. शेत कुठे, तर शत्रूच्या ताब्यात गेलेल्या मुलखात. यिर्मयाने सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून दिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि खरेदीखत दोन प्रतींत करवून घेतले, एक मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन त्याने त्या मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. पुढच्या भाकितापेक्षा या कारकुनी तपशिलात मला आशा जास्त दिसते. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, एवढेच त्यामागचे वचन.

ऑगस्ट १९४३ मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून डिट्रिख बोनहोफर या पाळकाने आपल्या वाग्दत्त वधूला पत्र लिहिले, त्यात घरे, शेते आणि द्राक्षमळ्यांचे हेच वचन आहे. जानेवारीत वाङ्निश्चय झाला, एप्रिलमध्ये अटक. अशा दिवसांत आपले लग्न ठरले ही भविष्यावरच्या विश्वासाची खूण आहे, असे तो यिर्मयाच्या आधाराने सांगतो. ते लग्न झाले नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली गेली. शेत यिर्मयाच्याही हाती कधी आले, असे शास्त्र, म्हणजे बायबल, सांगत नाही.

इ.स.पूर्व ५८६ मध्ये यरुशलेम पडले, मंदिर जळाले. त्या राखेतून विलापगीत हे छोटे पुस्तक आले. त्यात पाच काव्ये आहेत. पहिली चार हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेली, जणू अ पासून ज्ञ पर्यंत रडून घेतले. मुळाक्षरे बावीस. तिसऱ्या काव्यात प्रत्येक अक्षराला तीन ओळी, म्हणून वचने सहासष्ट. देवाची दया रोज सकाळी नवी होते हे प्रसिद्ध वचन या तिसऱ्या काव्यात, बाविसाव्या-तेविसाव्या वचनांत आहे. पुस्तक तिथे संपत नाही. पुन्हा भूक, पुन्हा प्रेते, आणि अखेरीस, तू आम्हांला कायमचेच टाकलेस की काय, असा प्रश्न. यहुदी सभास्थानात हे पुस्तक वाचताना त्या प्रश्नावर थांबवत नाही म्हणून आधीचे वचन पुन्हा म्हणायची रीत आहे.

स्तोत्रसंहितेचेही तसेच. तिला आपण स्तुतीचे पुस्तक म्हणतो, पण तिच्यातला एक-तृतीयांशाहून जास्त भाग गाऱ्हाण्यांचा आहे. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच चार वेळा ‘कुठवर?’ येते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. आणि तरी ते प्रार्थना म्हणून जपले गेले. कुरकुर करणे म्हणजे विश्वास डळमळणे, असे मानणारी मंडळी पुष्कळ. त्यांनी वधस्तंभावरचा प्रभूचा शब्द आठवावा. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. मरणाच्या वेळी त्याच्या तोंडी गाऱ्हाण्याचे स्तोत्र आले.

इ.स.पूर्व ५३८ च्या सुमारास पारसाच्या कोरेश राजाने परतायची परवानगी दिली. नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा तरुणांनी जयघोष केला, आणि ज्यांनी पहिले मंदिर पाहिले होते ते म्हातारे मोठ्याने रडले. हर्षाचा आवाज कोणता आणि रडण्याचा कोणता, हे लोकांना ओळखू येईना, असे एज्राच्या पुस्तकात लिहिले आहे. चांगले दिवस आले तरी ते असे आले.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना वाटत होते की प्रभू आपल्या हयातीतच परत येईल. ‘मारानाथा’, म्हणजे हे आमच्या प्रभू, ये, ही अरामी हाक पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या ग्रीक पत्रातही जशीच्या तशी राहिली. इ.स. ५० च्या आसपास थेस्सलनीकातले लोक काळजीत पडले, कारण वाट पाहता पाहता आपली माणसे मरू लागली होती. त्यांचे काय? पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्या काळजीला उत्तर आहे. पुढे पेत्राच्या नावच्या दुसऱ्या पत्रात प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे असे उत्तर येते, तेव्हा हनन्याची मुदत पुन्हा एकदा टळलेली असते. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात वेदीखालचे रक्तसाक्षी ‘कुठवर?’ म्हणून ओरडतात. त्यांना पांढरे झगे मिळतात आणि सांगितले जाते, आणखी थोडा वेळ थांबा, तुमच्यासारखे अजून काही मारले जायचे आहेत. याला सांत्वन म्हणायला जीभ जरा अडखळतेच.

आणि जे टिकले नाहीत त्यांचे काय? इ.स. २५० मध्ये रोमी सम्राट डेशियसच्या हुकुमाने सर्वांना देवतांना बळी अर्पून दाखला घ्यायचा होता. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून जास्त पपायरस दाखले सापडले आहेत. एकावर अर्जदाराचे वर्णन आहे, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. त्या म्हाताऱ्याचा धर्म कोणता ते कागदावरून कळत नाही, दाखला सगळ्यांनाच लागत होता. पण हजारो ख्रिस्ती त्या रांगेत उभे राहिले. काहींनी खरोखर बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. छळ थांबल्यावर ही माणसे रडत मंडळीच्या दाराशी आली. रोमच्या नोव्हेशियनने दार बंदच ठेवायचे म्हटले. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि इतरांनी पश्चात्तापानंतर त्यांना परत घ्यायचे ठरवले. छळाच्या वेळी सिप्रियन स्वतः लपून राहिला होता, त्यावरून त्याला टोमणेही खावे लागले. २५८ मध्ये मात्र त्याने मान पुढे केली. माझ्या मते रक्तसाक्षींच्या कथांइतकाच हा निर्णय मोठा आहे. तो झाला नसता तर ख्रिस्ती मंडळी शूरांची एक लहानशी टोळी होऊन राहिली असती.

४१० मध्ये गॉथांचा राजा अलारिकने रोम लुटले, तेव्हा ख्रिस्ती राज्यात असे कसे घडले, या प्रश्नावर हिप्पोचा बिशप ऑगस्टीन तेरा वर्षे लिहीत होता. ४३० मध्ये वँडल टोळ्यांनी हिप्पोलाच वेढा दिला. तापाने पडलेल्या ऑगस्टीनने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून बिछान्यासमोरच्या भिंतीवर लावून घेतली, आणि ती वाचत, रडत शेवटचे दिवस काढले.

आता मधली शतके सोडून एका आक्षेपाकडे येतो. परलोकाची आस दाखवून गरिबाला गप्प बसवले जाते, धर्म ही अफू आहे, असे कार्ल मार्क्सने १८४४ मध्ये लिहिले. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासाही म्हटले होते, ते सहसा कोणी सांगत नाही. आक्षेप निराधार नाही. १८०७ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी लंडनला एक शास्त्र छापले गेले. त्यात योसेफ गुलाम म्हणून विकला जातो ती गोष्ट ठेवली, दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हे ठेवले, आणि मोशे लोकांना मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून बाहेर काढतो ती कथा व सबंध प्रकटीकरण गाळले. अफू द्यायची होती हे उघडच आहे. पण कात्री कुठे चालली ते पाहा. चांगल्या दिवसांची आशा माणसाला निमूट करते असे त्या छापणाऱ्यांना वाटत असते, तर त्यांनी ती पाने आनंदाने ठेवली असती.

१८४४ या वर्षाची आणखी एक आठवण आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या हजारो अनुयायांनी २२ ऑक्टोबर ही प्रभूच्या येण्याची तारीख धरली होती. दिवस उजाडला, मावळला, दुसरी पहाट झाली. हनन्याने निदान दोन वर्षे तरी दिली होती.

सत्तर वर्षांचा हिशेब ज्यांनी सर्वांत कडवेपणाने पाळला ते लोक मला जपानमध्ये भेटतात. १६१४ मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, धर्मगुरू हाकलले किंवा मारले गेले, आणि १६४४ नंतर एकही उरला नाही. नागासाकी परिसरात लोकांना दरवर्षी ख्रिस्ताच्या किंवा मरीयेच्या प्रतिमेवर पाय देऊन दाखवावा लागे. ते पाय देत. घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. तिला ते ‘कोन्चिरिसान’ म्हणत, पोर्तुगीज शब्द जपानी जिभेवर घासून झालेला. डेशियसच्या काळातला प्रश्न त्यांनी धर्मगुरूविना, दार लावून सोडवला. त्यांच्याकडे १६३४ च्या सुमाराची एक दिनदर्शिकाही होती, सण कधी आणि उपवास कधी ते सांगणारी. ती नकलून नकलून पुढच्या पिढीकडे जात राहिली.

१७ मार्च १८६५ च्या दुपारी नागासाकीतल्या ओउरा इथे परदेशी लोकांसाठी नुकत्याच बांधलेल्या चर्चमध्ये उराकामी गावचे पंधराएक लोक आले. फ्रेंच धर्मगुरू बर्नार पेतिजाँ प्रार्थना करत होते. एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे. मग तिने मरीयेची मूर्ती कुठे आहे ते विचारले. बोलता बोलता त्या लोकांनी सांगितले की सध्या दुःखाचा काळ चालू आहे, आज सतरावा दिवस. त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १ मार्चला होता. बोटांवर मोजून पाहा, सतरावा दिवस बरोबर येतो. सव्वादोनशे वर्षे धर्मगुरू नाही, आणि उपवासकाळाचा दिवस चुकला नाही!

गोष्ट इथे संपवायचा मोह होतो. पण ओळख दिल्याची किंमत पुढे मोजावी लागली. १८६७ पासून धरपकड सुरू झाली, उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना वेगवेगळ्या प्रांतांत हद्दपार केले गेले, त्यातले सहाशेहून जास्त मेले. बंदीचे फलक उतरले ते १८७३ मध्ये. परत आलेल्यांनी पुढे गावच्या मुखियाची जागा विकत घेतली. जिथे पिढ्यानपिढ्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत, तीच ही जागा. तिथे विटांचे चर्च बांधायला १८९५ मध्ये सुरुवात झाली आणि १९१४ मध्ये ते उभे राहिले. अनाथोथच्या शेताची आठवण मला इथे झाल्याखेरीज राहत नाही.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबाँब फुटला तो या चर्चपासून सुमारे पाचशे मीटरवर. उराकामीच्या १२,००० ख्रिस्ती लोकांपैकी ८,५०० च्या आसपास गेले. चर्चला दोन मनोरे होते, दोन घंटा होत्या. ढिगारा उपसताना एक घंटा शाबूत निघाली, आणि त्या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी लोकांनी ती वाजवली. दुसरी फुटली होती. तिचा मनोरा चर्च पुन्हा बांधल्यावरही रिकामाच राहिला. त्यात नवी घंटा बसून दोन्ही एकदम वाजल्या त्या ९ ऑगस्ट २०२५ ला, त्याच वेळी, ११ वाजून २ मिनिटांनी. म्हणजे ऐंशी वर्षे. यिर्मयाच्या आकड्याहून दहा जास्त.