पडद्यावरचे देव आणि बडोदे

दादासाहेब फाळक्यांवर नाशिककर हक्क सांगतात, कारण जन्म त्र्यंबकेश्वरचा. मुंबईकर सांगतात, कारण 'राजा हरिश्चंद्र' दादरला घडला. बडोद्याच्या वाट्याला चरित्रातला एखादा परिच्छेद येतो: 'पुढे त्यांनी कलाभवनात शिक्षण घेतले.' आम्हा बडोदेकरांना तो परिच्छेद नेहमीच तोकडा वाटत आला आहे, आणि हा नुसता गावाभिमान नाही. बडोदे कधी चित्रनगरी झाले नाही, पण पडद्यावर देव कसा दिसावा हे ठरले त्यातला बराच भाग या गावातून गेला. आणि त्याची सुरुवात सिनेमाच्या आधीची आहे.

१८८१ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना राज्यकारभाराचे अधिकार मिळाले. त्या निमित्ताने, दिवाण सर टी. माधवरावांच्या सांगण्यावरून, राजा रविवर्मा बडोद्यास आला. माधवराव पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते, त्यामुळे ही ओळख जुनी. पुढे १८८८ मध्ये महाराजांनी त्याला पुराणातल्या प्रसंगांवर १४ चित्रे काढायला सांगितली. नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, कंस-माया ही त्यांतलीच. आज लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंहराव संग्रहालयात या चित्रांपुढे उभे राहिले की एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक चित्र म्हणजे नाटकातला एक थांबवलेला क्षण आहे. पात्रे कुठे उभी आहेत, उजेड कुठून येतो, कोण कोणाकडे पाहते, सगळे रंगमंचासारखे बांधलेले. कंसाच्या हातून सुटून वर निघालेली माया पाहताना तर पुढची फ्रेम हलणार असेच वाटते.

अशी चित्रे छापून घरोघरी पोचवावीत, हे रविवर्म्याला १८८४ साली पत्रातून सुचवणारे माधवरावच. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी आणि सरस्वती ज्या रूपात आजही आपल्या देवघरात आहेत, ते रूप या छापखान्याने पक्के केले.

आता फाळके. थोरल्या भावाबरोबर धुंडिराज (हे दादासाहेबांचे मूळ नाव) बडोद्यास आले ते १८८६च्या सुमारास, मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये वर्षभर काढून. १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन उभे राहिले. गज्जर रसायनशास्त्राचे. त्यांच्या दृष्टीने कला म्हणजे हुन्नर. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम आणि चित्रकला एकाच छपराखाली. आज त्या वास्तूत विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. दांडिया बाजारातून राजमहाल रोडकडे जाताना तिचा घुमट दिसतो, आणि फाटकाबाहेर चहा पिणाऱ्या पोरांपैकी किती जणांना फाळके ठाऊक असतील हे विचारायचे धाडस मी अजून केलेले नाही.

फाळके इथे रंगचित्रण शिकले, वास्तुशास्त्र आणि मातीकामही शिकले. गज्जरांनी त्यांना तीनरंगी ठसे करण्याची विद्या शिकायला रतलामला धाडले, परत आल्यावर कलाभवनातला फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. कॅमेरा, रसायने, ठसे, छपाई: चित्रपट काढणाऱ्याला पुढे जे जे लागणार होते, ते सगळे एका सरकारी संस्थेत एका तरुणाच्या हाती पडले. मुंबईत त्या काळी हे शिकायचे तर दहा दारे ठोठवावी लागली असती.

मग गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय, आणि १९००च्या प्लेगात पत्नी आणि मूल दोन्ही गेले. ते बडोद्याला परतले. इथे पुन्हा स्टुडिओ थाटला, पण गिऱ्हाईक फिरकेना. फोटो काढला की कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, अशी अफवा गावात पसरली होती, असे चरित्रकार लिहितात. पोटासाठी त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि 'केल्फा' नावाने प्रयोग लावले. फाळके उलटे वाचा म्हणजे केल्फा.

माझ्या मते त्यांच्या बडोद्यातल्या दिवसांत हाच काळ सर्वांत मोलाचा, जरी तो सर्वांत हलाखीचा. कलाभवनाने तंत्र दिले, पण समोरच्या प्रेक्षकाला थक्क कसे करायचे हे रंगवलेल्या पडद्यांनी आणि केल्फाने शिकवले. 'लंकादहन' (१९१७) किंवा 'कालिया मर्दन' (१९१९) मधले चमत्कार आठवा. तिथे चित्रकारापेक्षा जादूगारच जास्त दिसतो. बडोद्याहून ते पुरातत्त्व खात्यात गेले आणि मग लोणावळ्याला. तिथे रविवर्मा छापखान्याचे काम त्यांच्या हातून झाले. ज्या चित्रकाराची मोठी चित्रे बडोद्याच्या दरबारासाठी रंगली, त्याचेच देव फाळक्यांनी छपाईच्या दगडावर उतरवले. एप्रिल १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्तावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या मनात गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. ती कोऱ्या पाटीवर थोडीच उभी राहिली असणार!

त्याच वर्षी बडोदे स्वतः पडद्यावर गेले, आणि तेही कसे! १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात पंचम जॉर्जपुढे आले, एकदाच लवले आणि पाठ फिरवून निघाले. कॅमेरे चालू होते. १९१२च्या सुरुवातीला दरबाराची चलच्चित्रे लंडनच्या थिएटरांत लागली आणि गायकवाडांनी बादशहाचा अपमान केला की नाही, यावर तिथल्या वृत्तपत्रांत रान उठले. महाराजांना व्हाइसरॉयला खुलाशाचे पत्र लिहावे लागले. १९१२च्याच फेब्रुवारीत कलाभवनाचा माजी विद्यार्थी फाळके चित्रपटाची यंत्रसामग्री आणायला लंडनच्या बोटीवर चढला होता.

त्यानंतर बडोद्याच्या चित्रपट-इतिहासात मोठी पोकळी आहे. पैसा, स्टुडिओ आणि नट मुंबईत, आणि मुंबई एका रात्रीच्या गाडीवर. सत्तरच्या दशकात गुजरात सरकारच्या करसवलतीमुळे गुजराती चित्रपट मुंबईहून इकडे सरकला, तेव्हा बडोदे आणि जवळच्या हालोलला, तिथल्या लकी स्टुडिओमुळे, बरे दिवस आले. लक्ष्मीविलासही अधूनमधून पडद्यावर दिसला, पण क्वचितच बडोद्याचा राजवाडा म्हणून.

आणि मग १९९३ साली रामानंद सागरांची 'श्रीकृष्ण' मालिका दूरदर्शनवर आली. तिचे चित्रीकरण बडोद्यात झाले. तिच्यातला मुकुट, तो पीतांबर, गोकुळातली ती ठेवण पाहिली की रविवर्मा किती खोल मुरला आहे ते कळते. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. बडोद्याच्या सेटवरचा किशोर कृष्णही मराठीच होता, स्वप्नील जोशी.