फुकेत की सामुई? आधी सुट्टीचा महिना बघा

फुकेत आणि को सामुई ही नावं आपल्याकडे एकाच दमात घेतली जातात. दोन्ही थायलंडची बेटं, दोन्हीकडे पांढरी वाळू आणि माड. फोटो शेजारी ठेवले तर कुठलं कोणतं ते सांगता येणार नाही. पण फुकेत मलाय द्वीपकल्पाच्या पश्चिमेला अंदमान समुद्रात आहे आणि सामुई पूर्वेला थायलंडच्या आखातात. मधली जमीन क्रा संयोगभूमीपाशी जेमतेम ४४ किलोमीटर रुंद, तरी दोन्हीकडचा मुख्य पाऊस वेगवेगळ्या महिन्यांत पडतो. सहल जमणार की फसणार, हे हॉटेलपेक्षा यावर जास्त ठरतं.

कोकण आणि चेन्नई आठवा. जुलैत कोकण चिंब असतं, चेन्नईला मात्र खरा पाऊस दिवाळीच्या आसपास मिळतो. तिथेही तेच वारे. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे फुकेत, क्राबी, को लांता यांना झोडपतात. डोंगरांच्या आडोशाला असलेल्या सामुईत तेव्हा अधूनमधून सरी येऊन जातात. ऑक्टोबरनंतर ईशान्येचे वारे आखातावरून ओलावा घेऊन येतात आणि सामुई, को फांगान, को ताओ भिजतात. सामुईत सर्वांत जास्त पाऊस नोव्हेंबरात.

म्हणून शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर पूर्व किनारा, आणि नाताळात पश्चिम. दिवाळी नोव्हेंबरात आली तर डोळे झाकून पश्चिम. ऑक्टोबरच्या मध्यावर आली तर पश्चिमेलाही पावसाची शेपूट उरलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्हीकडे छान, पण तेव्हा मुलांच्या परीक्षा!

मे महिन्यात फुकेतला गेलं तर काय बिघडतं? पाऊस दिवसभर लागून राहतोच असं नाही, मधे लख्ख ऊनही पडतं. अडचण समुद्राची असते. किनाऱ्यावर लाल बावटे लागतात आणि ते लागले की पाण्यात उतरायचंच नाही. उथळ दिसणाऱ्या पाण्यातही आत खेचणारी ओढ असते. तीत कुणी सापडलंच, तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर यावं. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना बंदच असतात. गर्दीने प्रवाळ खराब झाल्यामुळे २०१८ मध्ये बंद केलेला फी फी बेटांवरचा माया बे हा किनारा २०२२ पासून पुन्हा खुला आहे, पण ऑगस्ट-सप्टेंबरात त्यालाही विश्रांती देतात. मला हे फार योग्य वाटतं.

मे महिन्यासाठी माझी पहिली पसंती सामुईही नाही, तर आणखी दक्षिणेला, मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पेर्हेंतियान बेटं. कुआला बेसुतच्या धक्क्यावरून बोटीने जायचं. तिथे उथळ पाण्यात समुद्री गवत चरणारी हिरवी कासवं दिसतात. कासव मान खाली घालून शांतपणे चरत असतं, मधेच सावकाश वर येतं, श्वास घेतं आणि पुन्हा तळाशी जातं. आपण लांबून तरंगत बघायचं. हात लावायचा नाही, वर येण्याची वाट अडवायची नाही. वेळासला वाळूतून निघणारी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे पूर्ण वाढलेलं जनावर बघताना भरून येईल. मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे समुद्र खवळलेला असतो आणि बहुतेक रिसॉर्टं बंद असतात.

लंकावी बेट मलेशियाच्या पश्चिमेला आहे, पण तिथे सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले. नाताळात ते उत्तम.

जंगलासाठी थायलंडमध्ये खाओ सोक. दोन्ही किनाऱ्यांच्या मधोमध असल्यामुळे समुद्र कुठलाही निवडला तरी ते जोडता येतं. तिथल्या च्याओ लान धरणाच्या पाण्यातून चुनखडीचे सरळसोट कडे वर आलेत. तराफ्यावरच्या खोलीत एक रात्र राहाच. पहाटे गिबन वानरांच्या लांबलचक हाका ऐकू येतात. मे महिन्यात पेर्हेंतियानला जाणाऱ्यांनी त्याऐवजी मलेशियातलं तामान नेगारा जोडावं. दोन्ही जंगलांत पावसाळ्यात जळवा असतात, तेव्हा गुडघ्यापर्यंतचे मोजे बॅगेत हवेतच.