मॅकडॉवेल काउंटी: कोळसा निघत राहिला, माणसे निघून गेली

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, डोंगरांमधल्या अरुंद घळींत वसलेल्या मॅकडॉवेल काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १९,१११ भरली. १९५० साली ती ९८,८८७ होती, म्हणजे सत्तर वर्षांत पाचातली चार माणसे कमी झाली. याचे कारण विचारले की बहुतेकांकडून एकच उत्तर मिळते, ते म्हणजे कोळसा संपला. दशवार आकडे पाहिले तर हे उत्तर टिकत नाही. १९५० ते १९६० या दहा वर्षांत काउंटीतून साडेसत्तावीस हजार माणसे घटली आणि त्यापुढच्या दहा वर्षांत आणखी वीस हजारांहून अधिक. त्याच काळात राज्यातल्या खाणींतून कोळसा मात्र मोठ्या प्रमाणावर निघत होता. या काउंटीची आजची स्थिती समजून घ्यायची असेल तर कोळशाच्या साठ्यापेक्षा १९५० च्या वेतन कराराकडे आधी पाहावे लागते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८५८ मध्ये व्हर्जिनियाच्या टॅझवेल काउंटीतून वेगळ्या काढलेल्या या भागात १८८० साली जेमतेम तीन हजार लोक राहत होते. १८८८ च्या सुमारास डोंगर पोखरून रेल्वे आत आली आणि पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा, कमी धुराचा उत्तम कोळसा बाहेर जाऊ लागला. १९१० पर्यंत लोकसंख्या ४७,८५६ झाली. दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय मजूर, इटली, हंगेरी आणि पोलंडहून आलेले स्थलांतरित आणि आसपासचे डोंगरी शेतकरी एकाच खाणीत काम करत, मात्र त्यांच्या वस्त्या वेगळ्या असत. घर, दुकान, दवाखाना आणि पाणीपुरवठा हे सारे कंपनीचे होते, आणि अनेक ठिकाणी मजुरीचा काही भाग त्या कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या टोकनांत मिळे. ही मालकीची रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तिचे परिणाम कंपन्या गेल्यावर अधिक तीव्रतेने जाणवले.

१९५० च्या मार्चमध्ये, वर्षानुवर्षांच्या संपांनंतर, देशातल्या खाणकामगारांची संघटना आणि मोठे खाणमालक यांच्यात करार झाला. कामगारांना रोजंदारीत वाढ मिळाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९४६ मध्ये टनामागे ५ सेंट घेऊन सुरू झालेल्या कल्याण आणि निवृत्ती निधीसाठी मालकांनी टनामागे ३० सेंट द्यायचे ठरले. १९५२ मध्ये ही रक्कम ४० सेंट झाली. त्या बदल्यात संघटनेने यंत्रांना विरोध करायचा नाही, अशी भूमिका घेतली. ती नेतृत्वाने उघडपणे मांडलेली होती: थोड्या माणसांना चांगला पगार आणि उपचार मिळणे हे पुष्कळ माणसांना उपाशीपोटी खाणीत ठेवण्यापेक्षा बरे, असा त्यामागचा विचार होता.

यंत्राने नेमके काय बदलले हे पाहिल्याशिवाय या निर्णयाचे वजन कळत नाही. जुन्या पद्धतीत कोळशाच्या थराला खालून खाच पाडली जाई, सुरुंग लावून थर पाडला जाई, आणि पडलेला कोळसा मजूर फावड्याने गाडीत भरत. गाडीवर मजूर आपल्या क्रमांकाचा पितळी बिल्ला अडकवी आणि भरलेल्या टनांवर त्याची मजुरी ठरे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेल्या ‘कंटिन्युअस मायनर’ यंत्राने थर खरवडण्यापासून कोळसा मागे ढकलण्यापर्यंतची कामे एकत्र केली. फावड्याने भरणाऱ्या माणसाची जागाच उरली नाही, आणि या काउंटीत त्या कामावर कृष्णवर्णीय मजूर मोठ्या संख्येने होते. यंत्र चालवण्याच्या जागा त्यांना सहसा दिल्या गेल्या नाहीत. म्हणून कपातीचा पहिला आणि सर्वांत मोठा फटका त्यांना बसला आणि कधी काळी लोकसंख्येचा जवळपास चौथा हिस्सा असलेला हा समाज वेगाने घटत गेला. किंबॉल गावात पहिल्या महायुद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांसाठी १९२८ मध्ये बांधलेली स्मारक इमारत या समाजाच्या तेव्हाच्या बळाची साक्ष देते.

कराराच्या समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. घरे तापवण्यासाठी तेल आणि नैसर्गिक वायू येत होते, रेल्वे डिझेलकडे वळत होत्या, आणि महाग पडणारा कोळसा कोणीच घेतला नसता, असे ते म्हणतात. देशातल्या अनेक खाणभागांना हे लागू पडते. मॅकडॉवेलला ते पूर्णपणे लागू पडत नाही, असे माझे मत आहे. इथला कोळसा मुख्यतः पोलादासाठी आणि निर्यातीसाठी जात होता, आणि ज्या रेल्वेने तो वाहिला जाई तिने देशातल्या मोठ्या रेल्वेंमध्ये सर्वांत उशिरापर्यंत, थेट १९६० पर्यंत, वाफेची इंजिने चालवली. बाजाराचा दाब इथेही होता, पण तो इतरत्र होता तितका निर्णायक नव्हता.

शिवाय निधीची रचनाच अशी होती की त्याची आवक माणसांवर अवलंबून नव्हती, टनांवर होती. वेस्ट व्हर्जिनियात १९५० साली सुमारे १ लाख २० हजार खाणकामगारांनी जेवढा कोळसा काढला, साधारण तेवढाच, सुमारे १५ कोटी टन, १९६५ साली ४५ हजारांच्या आसपास कामगारांनी काढला. टनामागची रक्कम येत राहिली, पण ज्यांचे काम गेले त्यांना तिचा लाभ होईलच असे नव्हते. १९५३ नंतर निवृत्तिवेतनासाठी अर्जापूर्वीच्या ३० वर्षांत २० वर्षे काम झालेले असण्याची अट होती. मधेच काढून टाकलेला पन्नाशीचा मजूर तिच्यात बसत नसे. काम सुटून ठरावीक मुदत उलटली की उपचारांचे कार्डही बंद होई. कामावरून कमी होणाऱ्यांसाठी पुनर्प्रशिक्षणाची किंवा दुसरीकडे वसवण्याची कोणतीही भरीव तरतूद करारात नव्हती. यंत्रे आणण्याच्या निर्णयापेक्षा ही उणीव मला अधिक गंभीर वाटते, कारण यंत्रे आज ना उद्या आलीच असती, मात्र ती येताना होणाऱ्या हानीचा भार कोणी उचलायचा हे करारात ठरवता येण्याजोगे होते.

याच सुमारास आणि पुढच्या काळात कंपन्यांनी आपली घरे राहणाऱ्यांना विकायला सुरुवात केली. नोकरी डळमळीत झालेल्या कुटुंबाच्या नावावर अशा रीतीने घर आले, पण घरामागचा डोंगर आणि त्याखालचे खनिज बाहेरच्या मालकांकडेच राहिले. कंपनीने टाकलेल्या जुन्या जलवाहिन्याही मागे राहिल्या आणि त्यांची देखभाल करणारे कोणी उरले नाही. काउंटीतल्या अनेक वस्त्यांमधला पिण्याच्या पाण्याचा आजचा प्रश्न तिथून सुरू होतो.

२९ मे १९६१ रोजी वेल्च या मुख्य गावी देशातल्या नव्या प्रायोगिक योजनेतली पहिली अन्नकूपने, म्हणजे धान्य व किराणा घेण्यासाठीची सरकारी कूपने, दिली गेली. आदल्या वर्षी निवडणूक प्रचारात या डोंगराळ राज्यातले दारिद्र्य पाहिलेल्या राष्ट्राध्यक्षाने पदावर येताच अन्नवाटप वाढवण्याचा आदेश काढला होता. काम गेलेल्या कुटुंबांची उपासमार त्यामुळे थांबली, हे श्रेय द्यायलाच हवे. नवे काम मात्र त्यातून आले नाही. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईने कोळशाला पुन्हा भाव आला आणि लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास स्थिरावली. मग पोलाद उद्योग कोसळला. १९८० च्या दशकात गॅरी गावाभोवतीच्या मोठ्या पोलाद कंपनीच्या खाणी बंद पडल्या आणि दशकाअखेरीस काउंटीची लोकसंख्या ३५,२३३ वर आली.

ज्यांना जाता आले ते तरुण गेले. मागे राहिलेल्यांत वृद्ध, फुप्फुसांत कोळशाची धूळ साचून आजारी पडलेले आणि घराशिवाय दुसरी मालमत्ता नसलेले लोक जास्त होते. १९६९ च्या संघीय कायद्याने या धुळीच्या आजारासाठी भरपाई सुरू केली आणि निवृत्तिवेतन, अपंगत्व भत्ता व ही भरपाई मिळून अनेक घरांचा मुख्य आधार झाला. २००० च्या जनगणनेनुसार कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न १६,९३१ डॉलर होते आणि ३७.७ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाची लाट त्यानंतर आली. २०१० च्या सुमारास इथल्या पुरुषांचे सरासरी आयुर्मान ६४ वर्षांच्या आसपास, देशातल्या सर्व काउंटींत सर्वांत कमी, आढळले.

अलीकडच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. २०१० मध्ये वेल्चजवळ संघीय तुरुंग सुरू झाला, आणि जनगणनेच्या नियमाप्रमाणे कैदी जिथे कोंडलेले असतात तिथले रहिवासी मोजले जातात. त्यामुळे २०२० चा १९,१११ हा आकडा प्रत्यक्ष गावकऱ्यांपेक्षा मोठा आहे आणि पुरुषांचे तसेच कृष्णवर्णीयांचे प्रमाणही त्यात फुगलेले दिसते. शाळा, तुरुंग आणि आरोग्यसेवा हे आता रोजगाराचे प्रमुख आधार आहेत. जुन्या खाणवाटांवर चालणाऱ्या चारचाकी मोटारसायकलींच्या पर्यटनाने काही खानावळी आणि मुक्कामाची घरे चालू आहेत. उलट २०१६ च्या जानेवारीत काउंटीतले एकमेव मोठे साखळी दुकान बंद झाले, तेव्हा नोकऱ्यांबरोबर ताज्या भाज्या मिळण्याचे जवळचे ठिकाणही गेले.

नवे उद्योग किंवा नवी घरे उभारण्यात मोठी अडचण जमिनीची आहे. सपाट जागा आहे ती ओढ्याकाठी, आणि ती पुराच्या वाटेत येते. उंचावरची बरीचशी जमीन अजूनही काउंटीबाहेरच्या जमीन आणि खनिज कंपन्यांच्या मालकीची आहे. २००१ च्या जुलैत आणि पुन्हा २००२ च्या मेमध्ये आलेल्या पुरांनी ओढ्याकाठची कित्येक घरे नेली. २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा तसाच पूर आला आणि तेव्हा बेघर झालेल्या कुटुंबांपुढेही हाच पेच उभा राहिला, की त्याच काठावर पुन्हा बांधायचे किंवा काउंटी सोडायची.